नागपूरहून कोकणात गळ टाकायला जाताना: लांबी, बंदी आणि किती मासे ठेवायचे

आपल्याकडच्या गळवाल्याला पाण्याला मालक असतो हे पक्कं ठाऊक असतं. तलाव म्हटला की तो बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेला. बीज त्यांनी सोडलेलं, राखण त्यांची. गळ टाकायचा तर संस्थेच्या माणसाला विचारायचं, तो हो म्हणाला तर बसायचं. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहात तर विचारायचीही सोय नाही, तिथे मासेमारीच बंद आहे. समुद्रावर मात्र विचारायला माणूस सापडत नाही. कातळावर उभं राहा, गळ फेका, कोणी हटकत नाही. त्यामुळे इकडून गेलेल्या नव्या माणसाचा समज होतो की तिथे सगळं मोकळं आहे. तसं नाही. नियम आहेत, फक्त ते सांगायला काठावर कोणी उभं नसतं. ते घरूनच शिकून जावं लागतं.

हा लेख रॉड-रील घेऊन हौसेने जाणाऱ्यांसाठी आहे. मासे विकायचा विचार असेल तर तो वेगळा धंदा, त्याचे परवाने वेगळे.

आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा

महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यंत्रचालित बोटींना मासेमारी बंद असते. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली ही बंदी येते. कारणं दोन. बऱ्याच माशांचा हा अंडी घालायचा काळ, आणि समुद्र खवळलेला. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना यातून सूट आहे. पण ती सूट पिढ्यान्‌पिढ्या तो किनारा ओळखणाऱ्यांसाठी आहे, हे ध्यानात घ्या. या दोन महिन्यांत ‘चला साहेब, इंजिनाच्या होडीने गुपचूप फिरवून आणतो’ असं कोणी म्हणालं तर हात जोडा. प्रवासी बोटी आणि जलक्रीडाही मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंदच असतात.

काठावरून गळ टाकायला या बंदीची आडकाठी नसली, तरी पावसाळ्यात कोकणातल्या कातळावर जाऊ नका. शेवाळलेला दगड आणि लाट, दोन्ही सांगून येत नाहीत. आपण अंबाझरी तलावाच्या पाण्यावर वाढलेली माणसं. पाणी आपल्या अंगावर चालून येतं ही कल्पनाच आपल्याला नसते.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपूरकरांना कोकण आठवतं. गळासाठी तो काळ काही खास नव्हे, मे सरता सरता समुद्र फुगायला लागतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. नागपूर-मडगाव विशेष गाडी कोकणातून जाते. कुडाळला उतरलं की मालवण जवळ. रॉड दोन तुकड्यांचा किंवा घडीचा घ्या, नाहीतर डब्यात वरच्या बर्थवाल्याशी भांडण ठरलेलं.

नंतर लांबी शिका

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि आपल्याला सगळ्यांत नवा. तलावातला रोहू-कतला सोडलेला असतो, मोठा झाला की काढायचाच असतो. समुद्रात बीज कोणी सोडत नाही. मासा एकदा तरी अंडी घालेपर्यंत जगला, तरच पुढचा मासा. म्हणून २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. यादीत पापलेट १३५ मिलिमीटर आहे, बोंबील १८० मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. ती घोषणा करणारे तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री चंद्रपूरचे, म्हणजे समुद्र न लागणाऱ्या आपल्याच भागातले.

आता खरं सांगायचं तर पापलेट आणि बोंबील हे जाळ्याचे मासे, गळाला सहसा लागत नाहीत. तुमच्या गळाला येतील ते तांबोशी, जिताडा, रावस, हेकरू, पालू, शेंगटी, मुडदुशी, नशीब असेल तर सुरमई. म्हणून पूर्ण यादी मिळवा. किनारपट्टीच्या प्रत्येक जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय असतं, तिथे ती मिळते. त्यातल्या आठ-दहा जाती, ज्या गळाला लागू शकतात, त्यांच्या लांब्या एका कागदावर लिहा आणि तो कागद गळाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. मोबाइलवर ठेवू नका. खारट ओल्या हातांनी मोबाइल उघडायचा कंटाळा येतो आणि मग माणूस ‘अंदाजे बराच आहे’ म्हणून मोकळा होतो.

मोजायचं असं. शिंप्याची टेप नको, ती वाकते. प्लास्टिकची ताठ पट्टी किंवा एखाद्या फळीवर मारलेल्या खुणा चांगल्या. फळी आधी समुद्राच्या पाण्याने ओली करा. मासा त्यावर आडवा, तोंड मिटलेलं, नाक शून्याच्या टोकाला टेकलेलं. एकूण लांबी म्हणजे शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत. शेपटी दुभंगलेली असेल, सुरमई-बांगड्यासारखी, तर काही याद्यांत शेपटीच्या बेचक्यापर्यंतची लांबी धरतात, आणि दोन्हींत चांगलाच फरक पडतो. यादीत कोणती लांबी लिहिली आहे ते आधी बघा. शंका आली तर मासा पाण्यात. थोडक्यात कमी पडणाऱ्या माशाला अर्धा सेंटिमीटर ताणून बसवणारे लोक मी पाहिलेत. तो अर्धा सेंटिमीटर ताटात कुठे दिसतो देव जाणे.

जिताड्याची गोष्ट, म्हणजे मोठा मासाही का सोडावा

लहान मासा सोडायचा हे पटकन पटतं. मोठा सोडायचा हे पटत नाही. जिताडा घ्या, सिंधुदुर्गात त्याला चोणक म्हणतात. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या मुळांपाशी, जेटीच्या खांबांच्या सावलीत तो दबा धरून असतो. हा मासा वयात येतो तो नर म्हणून. काही वर्षं नर राहतो आणि मग मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतला सगळ्यांत थोराड जिताडा ही बहुतेक वेळा मादीच, आणि तिच्या पोटात अंडी लाखांनी. फोटो काढायला ज्या माशाचा मोह होतो, नेमका तोच खाडी चालवत असतो.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला हाच मासा, हीच जात, बारामुंडी नावाने पकडतात. तिथला नियम बघा: ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही. शिवाय पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी पूर्ण बंदी, कारण तिकडचा विणीचा हंगाम तेव्हा. खालची आणि वरची अशा दोन रेषा, त्यांच्या मधला मासा तुमचा. आपल्याकडे वरची रेष कायद्यात शोधू नका, ती स्वतःच आखा. जिताडा हातभर असेल तर न्या. दोन हात भरला तर फोटो काढा आणि सोडा. मासळीच्या चवीनेही बघितलं तर थोराड मासा जरा चिवटच लागतो.

हेकरू आणि त्याचाच भाईबंद गोब्रा यांचं उलटं. या जमातीतले कितीतरी मासे आधी मादी असतात, मग नर होतात. मोठेच मोठे उचलत गेलं तर नर संपतात. वाढही सावकाश. एकाच खडकावरून दर खेपेला मोठा हेकरू काढत राहिलात तर तो खडक लवकरच रिकामा होईल.

किती ठेवायचे?

परदेशात ‘बॅग लिमिट’ म्हणून प्रकार असतो, दिवसाला माणशी अमुक मासे. आपल्या राज्याच्या कायद्याचा भर आकड्यावर नाही. तो लांबी, हंगाम, बोट आणि जाळं बघतो. म्हणजे आकडा तुम्हीच ठरवायचा. मी सुचवतो तो साधा: ज्या घरात उतरलात त्या घराची एका वेळची मासळी, बस्स. चौघं गेले तर चौघांचे चार वेगवेगळे ढीग करायचे नाहीत. रांधणारी बाई एकच असते आणि साफ करायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं.

उरलेले मासे बाजारात देऊ नका. तीस हजारांचा रॉड घेऊन आलेला पाहुणा शंभर-दोनशे रुपयांसाठी कोळणीच्या शेजारी बसला तर गावात नाव खराब होतं, आणि मग पुढच्या नागपूरकराला कोणी जागा दाखवत नाही.

हे मासे आणि जीव सोडायचेच

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ समुद्रालाही लागू आहे. त्यात सगळी समुद्री कासवं, डॉल्फिन, देवमासे येतात. व्हेल शार्कला २००१ पासून संरक्षण आहे. करवत मासा, समुद्रघोडा, समुद्रकाकडी, प्रवाळ हेही त्यातच. गळवाल्यासाठी ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे महाकाय हेकरू, जो माणसाएवढा वाढतो, तोही संरक्षित आहे. चपट्या डोक्याचा, पुढून पाकटासारखा आणि मागून मुशीसारखा दिसणारा मासा गळाला आला तर तो गिटार मासा. त्याच्या काही जाती संरक्षित आहेत, आणि त्या ओळखणं तज्ज्ञालाही अवघड जातं, म्हणून सरसकट सोडा.

कासव अडकलं तर ओढून कातळावर आणू नका. जवळ घ्या, लाइन गळाच्या शक्य तितक्या जवळ कापा. तोंडात खोल गेलेला गळ उपटायला जाऊ नका. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हिवाळ्यात तिथे रात्री टॉर्च घेऊन वाळूवर गळ लावून बसणं टाळाच.

माशांची ओळख आधी करून जायची असेल तर आपल्या नागपुरातच तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. शिवाय बाजारात बर्फातून येणारी समुद्री मासळी हीही शाळाच. एक रविवार सकाळ पापलेट, हलवा, सुरमई, रावस, तांबोशी यांच्या शेपट्या आणि पर बघत घालवा. विक्रेते आधी वैतागतात, अर्धा किलो घेतलं की सगळं सांगतात.

जागा

मालवणला जाणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यातच येतं. त्यामुळे ‘किल्ल्याच्या मागे मस्त मासा आहे’ असं कोणी सांगितलं तर वनखात्याकडे किंवा जुन्या मच्छीमाराकडे चौकशी करून मगच जा. कुठे चालतं आणि कुठे नाही, हे स्थानिकांना नेमकं माहीत असतं.

बाकी ठिकाणी रापण ओढत असतील तर त्या टप्प्यात गळ फेकायचा नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात ते मोठं जाळं. त्यात तुमचा तीन काट्यांचा लूर (खोटं आमिष) अडकला तर जाळंही फाटतं आणि ओढणाऱ्याचा हातही. थांबा, जमलं तर दोर ओढायला हात लावा. वाट्याचे चार मासे ते लोक स्वतःहून देतात, आणि गळाची जागाही सांगतात.

जेटीवर गळ टाकण्याआधी बंदराच्या फलकाकडे बघा. होडीने जायचं तर होडीची नोंदणी, परवाना आणि लाइफ जॅकेट, तिन्ही बघूनच पाय ठेवा. जॅकेट फळीखाली ठेवलेलं नको, अंगावर हवं. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

तिथीवरून भरती काढणं

कोकणात दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. प्रत्येकीला सहा तासांच्या थोडं वर. भरतीची वेळ रोज साधारण ४८ मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांचं यासाठी एक जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण भिंतीवरच्या कॅलेंडरावरून नागपुरात बसूनही सहलीचे दिवस ठरवता येतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं, ओढही जबर. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, पाणी मवाळ. नव्या माणसाने कातळावरून गळ टाकायला भांगाचे दिवस घ्यावेत. मासा उधाणात जास्त हलतो, हे खरं. पण ओहोटीला चालत गेलेल्या खडकाभोवती भरतीला पाणी कधी वेढा घालतं ते गळाकडे बघणाऱ्याला कळत नाही. परतीची वाट ज्या दगडावरून आहे त्या दगडावर नजर ठेवा. तो ओला झाला की सामान उचला. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते, निघण्याआधी ते बघा.

हातात आलेला मासा

सोडायचा मासा धडपणी सोडला तरच सोडण्याला अर्थ आहे. हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यांत बोटं घालू नका. उभा टांगून फोटो काढू नका, पोटाखाली हात ठेवून आडवा धरा. पक्कड कमरेलाच असू द्या. गळाचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून सपाट करून नेला तर काम झटकन होतं. मासे थोडे सुटतील, सुटू द्या.

काही मासे मात्र हातच लावण्यासारखे नसतात. शेंगटीच्या पाठीवर आणि दोन्ही पंखांशी विषारी काटा असतो, पाकटाच्या शेपटीवर असतो. टोचला तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. फुग्यासारखा फुगणारा केंड आला तर सोडून द्या. त्याचं विष शिजवूनही जात नाही. ‘आम्ही तर खातो’ म्हणणारा कोणी भेटला तरी तुम्ही खाऊ नका.

मुलाकडे परदेशी जाणाऱ्यांसाठी

हल्ली नागपुरातले कितीतरी आईवडील सहा-सहा महिने अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असतात, आणि समुद्राकाठी घर असलं की वडिलांना गळ आठवतो. तिथे आपली सवय चालत नाही. अमेरिकेत नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात १६ वर्षं आणि त्यावरच्या माणसाला परवाना लागतो. सार्वजनिक समुद्री पिअरवरून, म्हणजे पाण्यात गेलेल्या धक्क्यावरून, गळ टाकायला तो लागत नाही, पण लांबीचे आणि आकड्याचे नियम तिथेही लागूच. ज्या माशांना वेगळी मर्यादा नाही त्यांच्यासाठी दिवसाला एकूण २०, त्यात एका जातीचे १० पर्यंत. पिअरवर माणशी दोनच रॉड. फ्लोरिडात स्नूक नावाचा मासा आहे, तोही आपल्या जिताड्यासारखाच आधी नर, मग मादी. त्यालाही खालची-वरची अशा दोन रेषा, शिवाय बंद हंगाम.

हे आकडे हंगामाच्या मध्येही बदलतात. म्हणून त्या दिवशी सकाळी मुलाला किंवा सुनेला त्या राज्याच्या खात्याची नियमांची पानं उघडायला सांगा. तपासनीस बादली उघडून मासा मोजतो, वय बघून सोडत नाही. मर्यादा माणशी असते, म्हणून नातवाच्या नावावर आजोबांनी मासे पकडणंही चालत नाही.

निघण्याआधी नागपुरात, आणि परतल्यावर

नऊ-दहा फुटांचा रॉड, चार हजार साइजचं रील, वीस-तीस पौंडांची ब्रेड (विणलेली लाइन) आणि पुढे गळाजवळ चाळीस पौंडांची लीडर (जाड लाइनचा तुकडा), नव्या माणसाला एवढं पुरतं. फेकायचा सराव मैदानावर करा, गळ न लावता, नुसतं शिसं बांधून. पहाटे करा, कारण सहानंतर तिथे क्रिकेटवाले येतात आणि शिसं डोक्याला लागलं तर पोलीस ठाण्याचं काम. गाठ अंधारात बांधता आली पाहिजे, दिवा घालवून बांधून बघा.

परतताना रील, गळ, पक्कड, सगळं गोड्या पाण्याने धुऊन पुसून घ्या, नाहीतर नागपूर येईपर्यंत बेअरिंगात मीठ बसतं. मासा आणायचा असेल तर थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मध्ये पिशवीत बांधलेला साफ केलेला मासा, वर पुन्हा बर्फ, आणि झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी. हजारएक किलोमीटरचा प्रवास आहे, बर्फ वाटेत पुन्हा भरावा लागेल. मार्चनंतर हा खटाटोप करूच नका, तिथेच खाऊन या.